खड्याचा ग्रुप आणि सरांचा नियम

खड्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्याचं कौतुक करणार आहे आणि मग कोणी म्हणायला नको की एवढं काय लागून गेलाय तो तुमचा. लागून गेलाय. माझा भाऊ आहे.

मी सलून चालवतो. शिक्षण म्हणाल तर नववीत मी आणि शाळा, दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. पण हात असा आहे की दाढी करता करता गिऱ्हाईक खुर्चीत झोपतं आणि झाल्यावर हलवून उठवावं लागतं. खड्या माझ्यापेक्षा जास्त शिकला. रंगाच्या दुकानात रंग कालवतो. तुम्ही तुमच्या भिंतीचा टवका खिशात घालून न्या, तो तस्सा रंग करून देतो. दुकानात त्यासाठी मशीन आहे. पण मालक आधी मशीनचा रंग खड्याला दाखवतो आणि मगच डब्याचं झाकण ठोकतो.

तो झाला त्याचा धंदा. त्याचा खरा जीव दुसरीकडेच आहे. खड्या घरी खडे वाढवतो. तुरटीचे, मोरचुदाचे, मिठाचे, साखरेचे. गरम पाण्यात तुरटी विरघळवत जायची, आणखी एक चिमूटही मावेनाशी झाली की थांबायचं आणि पाणी निवत ठेवायचं. तळाशी बारीक बारीक खडे धरतात. त्यातला एक देखणा निवडायचा, दोऱ्याला बांधायचा आणि थंड झालेल्या तशाच पाण्यात अधांतरी सोडायचा. सर त्या पाण्याला संपृक्त द्रावण म्हणतात, मी पाक म्हणतो. मग बरणीला धक्का न लावता वाट बघायची. खडा फुगत जातो. ना कोणी कापलेला, ना कोणी घासलेला, तरी त्याला पैलू पडतात आणि कडा अशा निघतात की माझ्या वस्तऱ्याने लाजावं.

हा वेड्यांचा छंद आहे असं आमच्या घरात वर्षानुवर्षं सगळ्यांचं मत होतं. मग फोन आले, फोनवर ग्रुप आले, आणि कळलं की असले वेडे गावोगावी पसरलेत. खड्याने त्यांचा ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘बरणी’. आज त्या ग्रुपमध्ये जेवढी माणसं आहेत तेवढी आमच्या अख्ख्या रस्त्यावर नाहीत. आणि त्या सगळ्यांनी काय बोलायचं आणि काय नाही, हे कोण ठरवतं? माझा भाऊ. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. डोकं माझ्या हातात असतं, ऐकावंच लागतं.

हा नाद त्याला आमच्या दुकानातूनच लागला. तेव्हा दुकान बाबांचं होतं आणि आम्ही वरच्या दोन खोल्यांत राहायचो. अजून राहतो, आता खोल्या वाढवल्यात. दाढी झाली की गालावर तुरटीची वडी फिरवायची. ती वडी ओल्या हातातून सटकून फरशीवर पडली की तुकडे व्हायचे. तुकडे गिऱ्हाइकाला लावता येत नाहीत, टोचतात. बाबा ते एका खोक्यात टाकायचे. खड्या शाळेतून आला की दप्तर दारात आणि हा खोक्यात. काही वड्या तर मी मुद्दाम पाडल्या. बाबांना वाटायचं, थोरल्याचा हात ढिला आहे. माझा हात! पण भावासाठी तेवढी बदनामी सोसली.

रस्त्याकडच्या खिडकीच्या कट्ट्यावर त्याच्या बरण्या असायच्या. बरण्या कसल्या, घरातले ग्लास. आई म्हणायची, “या घरात पाहुणा आला तर त्याला पाणी काय ओंजळीत देऊ?” सकाळचं ऊन त्या खिडकीतून यायचं आणि सगळे ग्लास एकदम पेटायचे. आम्ही दोघं एकाच अंथरुणात. डोळे उघडले की पहिली ती रांग दिसायची. खड्या उठून एकेका ग्लासाकडे श्वास रोखून बघायचा, मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. आता वाटतं, बघायला हवं होतं. तसं ऊन आता त्या खिडकीत येत नाही, समोर इमारत झाली.

त्याला हे शिकवलं सरांनी. शाळेत विज्ञानाचे सर होते, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो, कारण आमच्या लेखी दुसरे सर झालेच नाहीत. तळमजल्याच्या टोकाला त्यांची प्रयोगशाळा होती. खिडक्यांना जाळी, लांब दगडी ओटे, भिंतीला काचेच्या दारांचं कपाट. आत शिरलं की जळलेल्या काडीचा आणि स्पिरिटचा वास यायचा. मलाही शिकवलं त्यांनी. माझ्या डोक्यात शिरलं नाही, त्यात सरांचा काही दोष नाही. सरांचे केसही आमच्याकडेच कापायला यायचे. म्हणजे सर यायचे. आरशात बघत बघत बाबांना सांगायचे, “तुमचा धाकटा पाण्याकडे बघत बसतो ना, बसू द्या.”

एकदा शाळेत प्रदर्शन होतं. एका मुलाने कुठून तरी काचेचा झगमगीत खडा आणला, मुठीएवढा. सगळी पोरं त्याच्याभोवती. सरांनी तो उचलला, उजेडाकडे धरला, म्हणाले, “सुंदर आहे. घरी घेऊन जा.” आणि खड्याचा खडा टेबलावर पुढे मांडला. तो कसा होता म्हणाल तर एका बाजूने बरा, दुसऱ्या बाजूने पडक्या दातासारखा. सरांनी त्यापुढे कागद ठेवला, ‘स्वतः वाढवलेला’. पोरं हसली तर म्हणाले, “वाकडा असला तरी चालेल. दुसऱ्याचा चालणार नाही.” बाबांनी ती गोष्ट नंतर दुकानात इतक्यांदा सांगितली की गिऱ्हाइकं तोंड उघडायच्या आत म्हणायची, “हो हो, वाकडा खडा, माहीत आहे.” बढाया मारायचा गुण आमच्यात बाबांकडून आलाय.

मग ‘बरणी’ निघाली तेव्हा नियम दुसरा कुठला असणार? स्वतः वाढवलेलंच दाखवायचं, त्याबद्दलच बोलायचं. ग्रुपमध्ये पहिलं नाव सरांचं आणि दुसरं माझं. मी तिथे कधी काही लिहिलं नाही, पण दुसरा मी आहे हे कोणाला विसरू देत नाही.

सुरुवातीला खड्याला वाटलं, नियम सांगितला म्हणजे झालं. पण माणसं कशी असतात? सकाळी फुलांची चित्रं यायला लागली. मग अंगठीतल्या रत्नांबद्दल विचारणा. “हा खडा घातला तर नोकरी लागेल का?” खड्या त्यांना म्हणायचा, “अहो, मला माहीत असतं तर मी आधी नसता घातला?” मग कोणीतरी ‘मन शांत करणारे’ दगड विकायला बसला. कोणी ॲसिड घेऊन काय काय करता येतं ते सांगायला लागला, आणि ग्रुपमध्ये शाळेतली पोरं.

दुसरा कोणी असता तर सरळ पुसून टाकलं असतं. पण खड्याची रीत वेगळी. तो माणसाला फोन करतो. ओळख ना पाळख, फोन लावून सांगतो की तुमचं हे इथे का बसत नाही. भावजय चिडते. “बायकोशी बोलायला वेळ नाही, आणि ॲसिडवाल्याला अर्धा तास!” तो म्हणतो, “अगं, न सांगता काढलं तर त्याला वाटेल त्याचं चुकलं. त्याचं चुकलं नाही, जागा चुकली.”

सगळ्यात मोठा घोळ घातला बेकरीवाल्याने. हा दुसऱ्या गावचा, ग्रुपमधला जुना भिडू, साखरेचे मोठे मोठे खडे करायचा. एक दिवस त्याने कापसावर ठेवलेला एक काळपट काटेरी खडा टाकला आणि खाली लिहिलं, “स्वतः वाढवला. जागा: उजवं मूत्रपिंड. त्रास फार झाला, पण नियमात बसतं.”

ग्रुप हसून हसून लोळला. आणि बसत होतं की हो नियमात! तोही खडाच, थरावर थर चढून वाढलेला, आणि स्वतःचाच. पण हसणं ओसरलं तसे सल्ले सुरू झाले. हे पाणी प्या, ते मूळ उगाळा, डॉक्टर लुटतात. एका बाईंनी आपला एक्स-रे टाकला. खड्याने कपाळावर हात मारला आणि बेकरीवाल्याला फोन लावला. मी शेजारीच होतो.

“काका, आधी तब्येत सांगा.”

“तब्येत एकदम हलकी.”

“काका, तुमचा खडा बसतो हो नियमात. पण त्याच्या मागून जी वरात आली ती नाही बसत. उद्या कोणी डॉक्टर सोडून आपला ग्रुप धरला तर?”

बेकरीवाला म्हणाला, “काढतो बाबा. पण कडा बघितल्यास का त्याच्या?”

“बघितल्या. भारी आहेत.”

“मग झालं.”

असा माझा भाऊ. नियम एका ओळीचा, पण तो चालवायला माणूस लागतो.

आता सरांचं सांगतो. सर निवृत्त झाले, त्यांची बायको वारली, आणि सर मुलाकडे राहायला गेले, चौथ्या मजल्यावर. मुलगा, सून दोघं चांगली आहेत, उगाच कोणाचं नाव घेणार नाही. पण घरात रांगणारी नात, दुडदुडणारा नातू. मोरचूद म्हणजे विष. बरण्या कुठे ठेवणार? त्यात सरांचे हात थरथरायला लागले. बी म्हणून सोडायच्या बारीक खड्याला दोऱ्याची गाठ मारणं म्हणजे मुंगीला चप्पल घालण्यासारखं. सरांनी बरण्या वाटून टाकल्या. एक खड्याला दिली.

पण ग्रुपमध्ये सर होते. खडा नाही म्हणून ते आठवणी लिहायला लागले. कपाटाची किल्ली हरवली तेव्हा काय झालं. उन्हाळ्यात प्रयोगशाळा तापायची तेव्हा बरण्या कशा सांभाळल्या. एक शिपाई होता, त्याने मोरचुदाचं पाणी झाडांना घातलं आणि झाडं कशी मेली. दुपारी शिक्षकांच्या खोलीत कोण चहा करायचं आणि त्यात साखर किती. सर बोटाने एकेक अक्षर शोधून लिहायचे. खड्या ते दुकानात मला वाचून दाखवायचा आणि वाचताना त्याचा आवाज शाळेतल्यासारखा व्हायचा. मी म्हणायचो, “परत वाच रे ते किल्लीचं.” ती किल्ली कोणी लपवली होती ते मला ठाऊक होतं, पण ते राहू द्या.

मग एका दुपारी बँकेतल्या मॅडमनी विचारलं. या मॅडम म्हणजे ग्रुपमधला सगळ्यात पक्का हात. त्यांचे निळे खडे बघून सरही लिहायचे, “वा.” त्यांनी मागे एका संग्रहालयातल्या स्फटिकांचं छायाचित्र टाकलं होतं, माणूस आत उभा राहील एवढी जांभळ्या खड्यांची गुहा. खड्याने फोन केला होता, मॅडम, तुम्ही वाढवलेली नाही ना. त्यांनी हसत काढली होती. आता त्यांनी लिहिलं, “मला राग नाही. पण विचारते. नियम सगळ्यांना सारखा आहे का? इथे आठवणीही येतात, त्या कोणी बरणीत वाढवलेल्या नसतात.”

सरळ प्रश्न होता. खड्या रंगाच्या दुकानात होता, हात रंगाने बरबटलेले. हात पुसून उत्तर लिहायला घेईपर्यंत सरांचं आलं, “मॅडमचं बरोबर आहे. नियम माझाच आहे आणि मीच मोडला.” आणि त्याखाली ती बारीक अक्षरातली ओळ आली, सर ग्रुपमधून बाहेर पडल्याची.

खड्या तडक माझ्या दुकानात आला. खुर्चीत पलीकडच्या गल्लीतला शिंपी, तोंडभर फेस. खड्याचा चेहरा बघून मी वस्तरा खाली ठेवला.

“सर गेले,” खड्या म्हणाला.

शिंपी फेसासकट उठून बसला. “अरेरे! कधी?”

“तसे नाही हो, ग्रुपमधून!”

“मग असं सांगावं की नीट! माझ्या काळजात धस्स झालं ना.” शिंपी पुन्हा मागे रेलला.

सगळं ऐकून मला चीड आली. “कोण ही बँकवाली? सरांना नियम शिकवते? तू मालक ना? घाल सरांना परत.”

“घालीन रे. घातले तरी बोलतील का ते? आणि मॅडमचं चुकलंय कुठे? मीच त्यांचं चित्र काढायला लावलं.” खड्या बाकावर बसला. “दादा, सरांना तिथे दुसरं काय आहे? दिवसभर नातवाचे बूट शोधतात. दुपारी ग्रुपवर लिहितात. मी विषय काय आत घ्यायचे ते ठरवत बसलो, आणि सरच बाहेर गेले.”

“मग सरांपुरता नियम सोड.”

“त्यांना कळणार नाही का, सोडलाय ते?”

शिंपी फेसातून म्हणाला, “गिऱ्हाइकाला कपडा आखूड झाला की आम्ही गिऱ्हाईक कापत नाही. माप परत घेतो.”

“तुम्ही गप्प बसा, कान कापला जाईल,” मी म्हणालो.

पण खड्याने फोन काढला आणि त्याच्या रीतीप्रमाणे लावला. मॅडमना. आवाज मोठा ठेवायला मीच सांगितलं, दोन शब्द सुनावायचे होते. पण मॅडमच आधी बोलल्या आणि त्यांचा आवाज रडवेला.

“अहो, मला सरांना घालवायचं नव्हतं! मी रोज जेवणाच्या सुट्टीत आधी त्यांचंच वाचते.”

“मग असं का विचारलंत, मॅडम?”

“कारण मला माझी गुहा ठेवायची होती!” त्या म्हणाल्या. शिंपी हसला. “आणि खरं सांगू? त्यांचं सगळंच मला सारखं नाही वाटत. ते उन्हाळ्याचं लिहिलं होतं ना, बरणी पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं टाकायचे, ते मी करून बघितलं. माझा खडा पहिल्यांदा आतून स्वच्छ निघाला. धूसरपणा नाही. पण चहाचं वाचून छान वाटतं, त्याचं मी पुढे काय करू?”

खड्या एकदम उभा राहिला. “मॅडम, परत बोला.”

“काय?”

“करून बघितलंत म्हणालात.”

“हो. मग?”

“मग काही नाही. थँक्यू.” त्याने फोन बंद केला. माझे दोन शब्द सुनावायचे राहूनच गेले.

खड्या दुकानात येरझारा घालायला लागला. केसांत पाय, पर्वा नाही. “दादा, कोणी वाढवलं हे विचारण्यात माझी चूक होतेय. त्यावरून दुसऱ्याला काही करून बघता येतं का, हे विचारायला हवं. करून बघता आलं तर आत. नाही तर बाहेर. मग ते कोणाचंही असो.”

मला एवढं कळलं की माझ्या भावाला काहीतरी सापडलंय. त्या दिवशी शिंप्याची दाढी मी फुकट केली. तो म्हणाला, माप परत घ्यायची कल्पना माझीच, तेव्हा केसही कापा.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं सरांकडे गेलो. सुनेने दार उघडलं, कडेवर नात. “बाबा गॅलरीत आहेत. दोन दिवस बोलतच नाहीत कोणाशी. फोन कपाटात ठेवून दिलाय.” जमिनीवर खेळणी पसरलेली, पाऊल जपून टाकावं लागत होतं.

सर खुर्चीत होते. केस वाढलेले. मला पहिलं तेच दिसलं. गॅलरीच्या कठड्यावर पूर्वी बरणी असती, तिथे नातवाचा ओला मोजा वाळत होता.

“या. न्हावी आणि रंगारी. घर दुरुस्त करायला आलात का?” सर म्हणाले. पण हसले नाहीत.

सुनेने चहा आणला, सरांचा कप अर्धाच भरलेला. पूर्ण भरला तर बशीत सांडतो म्हणून. सरांनी कप घेतला आणि बशी वाजायला लागली. मी दुसरीकडे बघितलं.

“सर, ग्रुपवर परत या,” खड्या म्हणाला.

“येऊन काय करू? माझ्याकडे दाखवायला खडा नाही. नियम म्हणजे नियम.”

“नियम बदलतोय सर.”

सरांचे डोळे बारीक झाले. शाळेत गृहपाठ दुसऱ्याचा उतरवलाय असं वाटलं की व्हायचे तसे. “माझ्यासाठी?”

“नाही. चुकीचा होता म्हणून.”

मी खड्याच्या पोटरीला पाय लावला. सरांचा नियम सरांच्याच गॅलरीत चुकीचा म्हणतो! पण त्याने सगळं सांगितलं. बेकरीवाल्याचा खडा, मॅडमची गुहा, ओलं फडकं. सरांनी कप खाली ठेवला आणि परीक्षाच घ्यायला लागले.

“रत्नाची अंगठी?”

“बाहेर सर.”

“मूत्रपिंडातला खडा?”

“बाहेर. घरी करून बघायची कोणाची इच्छा नाही.”

“ॲसिडवाला?”

“करून बघता येतं, पण पोरं भाजतील. बाहेर.”

“मॅडमची गुहा?”

“नुसतं चित्र असेल तर बाहेर. तसलं काही घरात छोटं करता येतं का ते लिहिलं तर आत. मॅडमना सांगितलंय, त्या कामाला लागल्यात.”

“किल्ली हरवल्याची गोष्ट?”

“बाहेर.”

“फडक्याची?”

“आत.”

सर पुढे वाकले. “आणि चहाची?”

आता हो म्हण रे, असं मी मनात म्हणत होतो. एक चहा आत घेतल्याने कुठे बरणी फुटतेय? म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल. खड्याने सरांकडे बघितलं, कपाकडे बघितलं.

“बाहेर, सर,” तो म्हणाला. “मला ती सगळ्यात जास्त आवडते. फोन करून मला सांगा, परत ऐकतो. पण ग्रुपवर बाहेर.”

घरात नातू काहीतरी आपटत होता. मला वाटलं, संपलं, आता सर उठून आत जाणार. सर मागे टेकले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“बरं झालं,” ते म्हणाले. “जिना चढून दया करायला आलास की काय, असं वाटलं होतं मला.”

“लिफ्टने आलो सर,” मी म्हणालो.

“तू अजून तसाच आहेस,” सर म्हणाले, आणि आता मात्र हसले. मग खड्याला म्हणाले, “पण मी सांगणार आठवणीतून. आठवण चुकते. तेव्हा काय?”

“चुकली तर खडा धरणार नाही सर. कळेलच.”

सरांनी मान हलवली. येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही नाही. “बघतो,” एवढंच. सुनेने दारात हळूच सांगितलं, “कपाटातून फोन काढून चार्जिंगला लावायला सांगितलाय.” घरी येताना रस्त्यावर खड्याने मला चक्क धरून थांबवलं आणि विचारलं, “दादा, मी जास्त तर नाही ना बोललो?” मी म्हणालो, “तू बाबांचा मुलगा आहेस, कमी कसं बोलशील?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी वर चहा घेत होतो. भावजय ओट्याशी आम्लेटसाठी अंडी फोडत होती. खड्या दात घासत खिडकीशी उभा, एका हातात फोन. एकदम त्याने तोंडातला ब्रश काढला आणि तोंडात फेस तसाच ठेवून वाचायला लागला. सर परत आले होते आणि लिहिलं होतं:

“प्रयोगशाळेत एकदा काचपात्रं कमी पडली तेव्हा आम्ही अंड्याच्या कवचात खडे धरले होते. कवच आतून धुवायचं, वाळवायचं. आतून गोंद लावून त्यावर तुरटीची बारीक पूड भुरभुरायची. गोंद वाळला की तुरटीच्या दाट द्रावणात बुडवून ठेवायचं आणि हात लावायचा नाही. आत खड्यांची गुहा धरते. मॅडमनी बघावं. करून बघा सगळ्यांनी. नाही धरली तर माझी आठवण चुकीची समजायची आणि हा मजकूर काढून टाकायचा.”

त्याखाली मॅडमचं आलं, “आजच करते.” बेकरीवाल्याचं आलं, “माझ्याकडे रोज पोतंभर कवचं असतात, बोला कोणाला किती.”

तेवढ्यात भावजयेने चौथं अंडं फोडून कवच कचऱ्याच्या डब्याकडे नेलं.

“थांब! फेकू नकोस!” खड्या फेसाळलेल्या तोंडाने धावला आणि डब्यात हात घालून आधीची तीन कवचं शोधायला लागला.

“अहो, शी! काय करताय? कामाला उशीर होतोय ना?”

“ही सगळी वाकडी फोडलीस गं. जरा नीट अर्धी होतील अशी फोड ना.”

“आणखी फोडू? आणि आतलं कोण खाणार?”

“दादा खाईल,” खड्या म्हणाला.

मी खाल्लं. पोट भरलं होतं तरी खाल्लं.